डीजेची विधानं, नापास होणारं मधलं विधान आणि मडफोल्ड

कातरवेळ

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडी चालू आहे. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेबद्दल लोकांची भूमिका मोजायची आहे. आठ विधानं केली, प्रत्येकापुढे 'पटतं' किंवा 'पटत नाही' एवढंच. माझ्या डोक्यातला क्रम असा:

१. सार्वजनिक उत्सवात ध्वनिवर्धकच नको.
२. मिरवणुकीत फक्त पारंपरिक वाद्यं असावीत.
३. डीजेला परवानगी द्यायचीच तर तास-दोन तासांपुरती द्यावी.
४. रात्री दहापर्यंत डीजेला हरकत नाही, पण नंतर वाजला तर पोलिसांनी सामान जप्त करावं.
५. आवाज मर्यादेत असेल तर डीजे असला काय नि नसला काय, मला फरक पडत नाही.
६. डीजेचा त्रास होतो, पण वर्षातून एकदा चालवून घ्यावं.
७. विसर्जनाच्या दिवशी वेळेचं बंधन नको.
८. डीजेशिवाय मिरवणुकीला मजा नाही.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये १ ते ३ उलटे गुण देऊन अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) काढला. दयनीय आला. ४, ५, ६ यांचा एकूण गुणांशी संबंध शून्याच्या आसपास. मार्गदर्शक म्हणतात, हे तीन काढून टाक, अल्फा सुधारेल. सुधारतोही. पण बहुतेक माणसं तर तिथेच आहेत! मधलं सगळं काढून फक्त कडवे विरोधक आणि कडवे समर्थक मोजायचे का?

एका सेमिनारमध्ये अनफोल्डिंगबद्दल (माणसं आणि विधानं एकाच रेषेवर मांडायची पद्धत) ऐकलं, म्हणून आर या संगणकभाषेतलं, तेच करणारं मडफोल्ड पॅकेज चालवलं. त्याने स्केल बांधली, पण ४ नंबर बाहेर ठेवला, आणि ३ चा एचही मरतुकडा दाखवतो. आउटपुटमध्ये एच, आयएसओ, मॅक्स, ताऱ्यांचा तक्ता असं बरंच काही आहे. विधान चांगलं की वाईट हे यातून ठरवायचं कसं?

शून्यलब्धी

मार्गदर्शकांचा सल्ला लायकर्ट पद्धतीच्या प्रश्नावलीसाठी बरोबर आहे. तुमची प्रश्नावली लायकर्टची नाहीच, ती थर्स्टनच्या घराण्यातली आहे.

थर्स्टनने १९२८ च्या सुमाराला भूमिका मोजायला सुरुवात केली तेव्हा विधानं मुद्दाम या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असत, मधलीसुद्धा. माणूस आपल्या जवळच्या विधानांना हो म्हणतो आणि दोन्ही बाजूंच्या लांबच्यांना नाही म्हणतो. लायकर्ट १९३२ साली आला आणि गुणांची बेरीज करायला लागला. बेरजेला चालतं ते विधान एकाच दिशेने वाढणारं: जितका समर्थक जास्त तितका होकार जास्त. मधलं विधान तसं नसतं. चप्पल मोठी असली तरी पायात बसत नाही, लहान असली तरी नाही. तुमच्या ६ नंबरला ध्वनिवर्धकबंदीवालाही नाही म्हणणार आणि '८ च पाहिजे'वालाही नाही म्हणणार. दोघांचा नकार कोरिलेशनमध्ये, म्हणजे एकूण गुणांशी असलेल्या संबंधात, एकमेकांना खाऊन टाकतो आणि शून्य उरतं. म्हणजे विधान उत्तम काम करतंय म्हणूनच ते अल्फामध्ये नापास होतंय.

फॅक्टर अ‍ॅनालिसिस (उत्तरांमागे किती वेगळ्या गोष्टी दडल्यात ते शोधणं) केलं असेल तर दोन फॅक्टर निघाले असतील. त्यांनाही भुलू नका. एकाच मितीवरचा अनफोल्डिंग डेटा फॅक्टर अ‍ॅनालिसिसमध्ये घातला की वाकून दोन मितींचा दिसतो. व्हॅन स्कूर आणि कीर्स यांनी १९९४ साली यावर लिहिलं आहे. थिसिसमध्ये मार्गदर्शकांपुढे ठेवायला तेच उपयोगी पडेल.

कातरवेळ

दोन फॅक्टर निघाले होते!! मी त्यांना 'शांतताप्रेम' आणि 'सहनशीलता' अशी नावंसुद्धा दिली होती :)

बाप्पाचा_उंदीर

नावं मस्त आहेत, ठेवा. आमच्या गल्लीतल्या स्पीकरच्या भिंतीपुढे दोन्ही लागतात.

सायकलवाली

मी सध्या नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला आहे आणि हे गाव या पद्धतीचं माहेर आहे म्हणून राहवलं नाही. मूळ मडफोल्ड व्हॅन स्कूर यांचं, १९८० च्या दशकातलं, राजकीय मतांवर काम करताना केलेलं. त्याला नॉनपॅरामेट्रिक (होकाराच्या वक्राचा आकार आधी न ठरवणाऱ्या) मॉडेलचा पाया वेंडी पोस्ट यांनी १९९२ च्या प्रबंधात दिला. आरचं पॅकेज बालाफास, क्राइनन, पोस्ट आणि विट यांचं, त्यावरचा लेख २०२० मध्ये आर जर्नलमध्ये आला.

आता एच. कल्पना सोपी आहे. तीन विधानं क्रमाने घ्या, डावं, मधलं, उजवं. एखाद्याला डावं पटतं, उजवंही पटतं, पण मधलं पटत नाही, म्हणजे १०१, ही चूक. बाकी कुठलाही नमुना चालतो. अशा चुका प्रत्यक्षात किती झाल्या आणि विधानांचा एकमेकांशी काही संबंध नसता तर किती झाल्या असत्या, त्यांचं गुणोत्तर एकातून वजा करायचं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. १०० माणसं. डावं ६० जणांना पटतं, मधलं ५० ना, उजवं ४० ना. संबंध नसेल तर अपेक्षित चुका १०० × ०.६ × ०.५ × ०.४ = १२. प्रत्यक्षात ३ झाल्या. एच = १ − ३/१२ = ०.७५. झकास. प्रत्यक्षातही १२ च झाल्या असत्या तर एच शून्य, आणि १२ पेक्षा जास्त झाल्या असत्या तर ऋण.

एका विधानाचा एच म्हणजे ते विधान ज्या ज्या त्रिकुटात आहे त्या सगळ्यांतल्या चुकांची बेरीज भागिले अपेक्षित चुकांची बेरीज, आणि तेही एकातून वजा. आठ विधानांची ५६ त्रिकुटं होतात आणि प्रत्येकात मध्ये कोण हा प्रश्न तीन प्रकारे सुटू शकतो, म्हणून १६८ एच. पॅकेज आधी असं त्रिकूट शोधतं ज्यात तिन्हींपैकी एकाच मांडणीचा एच धन येतो. मग एकेक विधान आणून प्रत्येक फटीत बसवून बघतं. विधानाच्या एचसाठीची किमान अट न सांगितल्यास ०.३ धरलेली असते. मोकेन स्केल या विधानं मोजायच्या दुसऱ्या पद्धतीतून आलेली सवय आहे ती: ०.३ कामचलाऊ, ०.४ मध्यम, ०.५ दणकट.

निवृत्त_गणितमास्तर

०.३ ही रेषा कुठल्या प्रमेयातून येते?

सायकलवाली

प्रमेयातून नाही, मास्तर. रूढी आहे.

निवृत्त_गणितमास्तर

मग ०.२९ वाल्याला बाहेर काढताना हात थरथरला पाहिजे.

शून्यलब्धी

मास्तरांना +१. आणि कातरवेळ, तुमचा मुख्य प्रश्न इथेच आहे. पॅकेजने ४ बाहेर ठेवला म्हणून तो वाईट, असं नाही. ही शोधपद्धत एकेक पायरीने जाते. सुरुवातीचं त्रिकूट कुठलं निघालं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. तुमच्याकडे विधानं लिहितानाच ठरवलेला क्रम आहे, मग शोध कशाला घ्यायला लावता? पॅकेजमध्येच 'अ‍ॅज डॉट मडफोल्ड' नावाचं फंक्शन आहे. त्याला आठही विधानं तुमच्या क्रमाने द्या. ते काहीही न वगळता त्या क्रमावरच सगळे आकडे काढून देतं. मग ४ चं नक्की काय बिनसलंय ते दिसेल. शोधातून क्रम उलटा आला असेल तर घाबरू नका, डावंउजवं ठरवणं या पद्धतीच्या हातात नसतं.

दुसरं, फक्त एच पाहू नका. खरी माहिती त्या तक्त्यात असते ज्याला कंडिशनल अ‍ॅडजेसन्सी मॅट्रिक्स म्हणतात. ४ च्या ओळीत काय असतं? ४ पटलेल्यांपैकी किती जणांना १ पटलं, किती जणांना २ पटलं, असं ८ पर्यंत. विधानं खरोखर एका रेषेवर असतील तर प्रत्येक ओळ एकदाच चढते आणि एकदाच उतरते. शिवाय शिखर ओळीगणिक डावीकडून उजवीकडे सरकतं. पहिली अट मोडली की आयएसओ वाढतो, दुसरी मोडली की मॅक्स. तारे त्या शिखरांच्या जागा दाखवतात.

उदाहरणादाखल एका विधानाची ओळ घ्या: ०.५०, (स्वतःची जागा रिकामी), ०.५५, ०.३०, ०.४०, ०.१०. शिखर ०.५५. नंतर उतरायला हवं, पण ०.३० वरून ०.४० वर चढतं. आयएसओ ०.१०. शून्य म्हणजे निर्दोष. पण किती झाला म्हणजे वाईट, याची सर्वमान्य रेषा नाही. आकडा बघण्यापेक्षा टेकाड कुठे आलंय ते बघा, कारण टेकाडाची जागाच कारण सांगते.

कातरवेळ

केलं. ४ ची ओळ विचित्र आहे. १ पाशी उंच, २ पाशी उंच, ३ पाशी एकदम खाली, ५ पाशी पुन्हा वर, मग उतार.

सायकलवाली

आता १ ची ओळ बघ. ४ पाशी टेकाड असणार.

कातरवेळ

आहे! ३ पेक्षा ४ जास्त. हे कसं ओळखलंत?

सायकलवाली

विधान परत वाच ना. "दहापर्यंत हरकत नाही, पण नंतर वाजला तर पोलिसांनी सामान जप्त करावं." ध्वनिवर्धकच नको म्हणणारा माणूस पहिला अर्धा भाग वाचतच नाही. तो 'पोलिसांनी जप्त करावं' वर टिचकी मारतो. मधला माणूस पहिल्या अर्ध्या भागासाठी हो म्हणतो. म्हणजे एका वाक्यात दोन विधानं आहेत आणि दोन वेगळ्या गटांचा होकार त्यात एकत्र झालाय. एचने 'हे बसत नाही' एवढंच सांगितलं असतं.

आणि तुझ्या ३ नंबरचं रहस्यही यातच आहे. १ पटलं, ३ नाही पटलं, ४ पटलं: ही १०१ चूक. हिशेबात ही चूक तिघांच्याही माथ्यावर बसते, मधल्या ३ च्यासुद्धा. ३ च्या एचमध्ये अशी त्रिकुटं भरपूर आहेत म्हणून तो बिचारा मरतुकडा दिसतोय. ४ वगळून परत चालव, ३ सुधारतो का बघ. दोन्ही एकदम काढू नकोस.

पेशवेपार्क

४ मध्ये अजून एक घोळ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. पण राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातले काही दिवस गणपतीतच जातात. मग ज्याला हे माहीत आहे त्याने 'दहा'चं काय करायचं? तो म्हणेल त्या दिवशी बारापर्यंत कायदेशीर आहे, जप्त कसलं करताय. कायदा माहीत असलेल्याचा नकार आणि डीजेवाल्याचा नकार एकाच खान्यात गेला.

बाप्पाचा_उंदीर

आणि ५ मध्ये 'आवाज मर्यादेत' लिहिलंय. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. ५५ डेसिबलचा डीजे कुणी पाहिलाय? तेवढा तर आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी असतो.

कातरवेळ

४ काढून चालवलं. ३ चा एच चांगलाच वर आला. अजून खटकतंय ते २. ७ च्या ओळीत २ पाशी छोटंसं टेकाड आहे.

पेशवेपार्क

ढोलपथकं हो! आमच्या ओळखीतली अर्धी पोरं पथकात आहेत. त्यांना डीजे नको, पारंपरिक वाद्यंच हवीत, आणि वेळेचं बंधनही नको. २ पटणार, ७ पटणार, मधलं काहीही पटणार नाही. त्यांची भांडणाची रेषाच वेगळी आहे. त्यांना आवाजाची अडचण नाही, डीजेची आहे.

शून्यलब्धी

हे मात्र ४ सारखं नाही. ४ चा दोष वाक्यरचनेतला आहे, तो दुरुस्त होईल. २ चा दोष म्हणजे लोक खरोखर दोन रेषांवर विचार करतात: आवाज हवा की नको, आणि परंपरा की डीजे. २ कितीही सुधारून लिहिलंत तरी ते टेकाड राहणारच. संशोधन आवाजाबद्दल असेल तर २ वगळा आणि का वगळलं ते लिहा. परंपरेबद्दलही असेल तर ती दुसरी स्केल, तिची विधानं वेगळी करावी लागतील. आकडे दोन्हीकडे सारखेच 'वाईट' दिसतात, औषध वेगळं.

डायग्नॉस्टिक्स फंक्शन चालवलंत का? ते प्रत्येक विधानाच्या होकाराचा आलेख काढतं. एकच उंचवटा हवा. शिवाय माणसाचं स्थान लक्षात घेतल्यावरही दोन विधानं एकमेकांना चिकटून राहतात का, हे लासो या तंत्राने (ते किरकोळ संबंध शून्यच करून टाकतं) तपासतं. ६ आणि ७ मध्ये चिकटपणा निघेल असं मला वाटतं, 'वर्षातून एकदा' आणि 'विसर्जनाच्या दिवशी' जवळजवळ तेच बोलतात.

मुळा_मुठा

वाचतोय शांतपणे पण आता बोलतो. एवढी झटापट कशाला? पॅरामेट्रिक मॉडेल आहे ना, जीजीयूएम. रॉबर्ट्स, डॉनह्यू आणि लॉफलिन, २०००. आरच्या मर्ट पॅकेजमध्ये थेट मिळतं. प्रत्येक विधानाची जागा, धार (ते माणसांमध्ये किती फरक करतं), अंदाजातली संभाव्य चूक, सगळं आकड्यात. 'टेकाड कुठे आहे' असं डोळ्यांनी बघत बसायचे दिवस गेले.

सायकलवाली

जीजीयूएम चांगलंच आहे. पण ते वक्राचा आकार आधीच ठरवतं, दोन्ही बाजूंना सारखाच उतार. ४ सारखं दोन उंचवट्यांचं विधान त्यात घातलं तर ते त्याला एक उंचवटा देणार आणि धार बोथट दाखवणार. 'धार कमी' एवढंच कळेल, 'का' कळणार नाही. शिवाय ते जास्त माणसं मागतं. मी आधी मडफोल्डने विधानं निवडते, मग जीजीयूएम.

मुळा_मुठा

निवडते म्हणजे त्याच डेटावर? म्हणजे आधी तक्ता बघून खोड्या काढायच्या, विधान वगळायचं, आणि मग त्याच माणसांवर सुधारलेला एच छापायचा. असा एच वाढणारच. आठातून वाईट दोन काढले की उरलेले सहा चांगले दिसतात, यात स्केलचं कौतुक काय?

शून्यलब्धी

हा मुद्दा रास्त आहे आणि थिसिसच्या तोंडी परीक्षेत हाच येणार. डेटाचे दोन भाग करा. एकावर निवड करा, दुसऱ्यावर फक्त तपासा, तिथे काही बदलू नका. माणसं कमी असतील तर निदान बूटस्ट्रॅप (त्याच माणसांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून नवे नमुने करणं) घ्या, पॅकेजमध्ये सोय आहे. प्रत्येक फेरीत तेच विधान बाहेर पडतंय का तेवढं बघा. ४ जवळजवळ नेहमी बाहेर पडला तर बिनधास्त लिहा. एखादं विधान कधी आत कधी बाहेर करत असेल तर त्याच्याबद्दल ठाम बोलू नका.

निवृत्त_गणितमास्तर

सायकलवालीताईंच्या उदाहरणातलं मधलं विधान १०० पैकी ९८ जणांना पटलं असतं तर? अपेक्षित चुका १०० × ०.६ × ०.०२ × ०.४ = ०.४८. म्हणजे अर्धा माणूसही नाही. एकाने जरी १०१ असं उत्तर दिलं तरी एच ऋण. जवळपास सर्वांना पटणारं विधान मध्ये बसलं की हा आकडा कागदी होतो. तुमच्या ५ नंबरला किती जण हो म्हणाले ते आधी बघा.

आणि दुसरा प्रश्न. जो माणूस आठही विधानांना हो म्हणतो, तो किती चुका करतो?

कातरवेळ

...एकही नाही. १०१ होऊच शकत नाही.

निवृत्त_गणितमास्तर

बरोबर. '१ पटतं' आणि '८ पटतं' एकाच वेळी म्हणणारा माणूस तुमच्या पद्धतीत शंभर टक्के शिस्तीचा. मला तर तो फॉर्म लवकर संपवून चहाला पळालेला वाटतो.

शून्यलब्धी

मास्तरांनी नेमकं सांगितलं. सगळ्यांना हो म्हणणारे आणि सगळ्यांना नाही म्हणणारे आधी वेगळे काढून मोजा, मग त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय असं दोनदा चालवा. किती फरक पडतो ते थिसिसमध्ये लिहा.

ताम्हण

विषय सोडून होईल, पण सरावासाठी छोटा डेटा कुठे मिळेल? मला फाशीच्या शिक्षेवरच्या सर्वेक्षणासाठी हेच करायचं आहे.

सायकलवाली

विषयातच आहे! पॅकेजमध्येच अँड्रिचचा डेटा आहे, फाशीच्या शिक्षेवरचाच. ५४ विद्यार्थी, ८ विधानं, १९८८ चा. त्यात 'मला ती पटत नाही, पण गरज नसेलच असं म्हणवत नाही' अशा धाटणीचं मधलं विधानही आहे, म्हणजे कातरवेळच्या ६ चं भावंड. ५४ च माणसं आहेत म्हणून बूटस्ट्रॅप केल्यावर आकडे किती हलतात तेही छान दिसतं. दुसरा डेटा प्लेटोच्या सात ग्रंथांतल्या वाक्यांच्या शेवटच्या लयींचा आहे, ग्रंथ कुठल्या क्रमाने लिहिले गेले ते शोधायला. तिथे हो/नाही नसतं, टक्केवारी असते, ती आधी पिक फंक्शनने ० आणि १ मध्ये आणावी लागते.

ताम्हण

माझ्याकडे पाच पर्यायांची उत्तरं आहेत. पिक चालेल?

सायकलवाली

चालेल, कारण आरचं मडफोल्ड ० आणि १ च घेतं. पण 'सांगता येत नाही' कुठल्या बाजूला ढकलणार ते तुझं तू ठरव. दोन्हीकडे ढकलून बघ आणि विधानांचा क्रम बदलतो का ते तपास. बदलला तर आधी त्यावर विचार कर, मग एच.

कातरवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते असं: ४ ची दोन विधानं करते, वेळेचं वेगळं, जप्तीचं वेगळं, आणि 'दहा' ऐवजी 'कायद्याने ठरवलेल्या वेळेपर्यंत'. २ या स्केलमधून बाहेर. ५ मधली 'मर्यादा' बदलायची कशी ते कळत नाहीये. नवीन माणसांकडून परत भरून घेणार, त्यामुळे मुळा_मुठा यांची हरकतही मिटेल.

शेवटचं एक. माणसाचं स्थान म्हणजे त्याला पटलेल्या विधानांच्या क्रमांकांची सरासरी, बरोबर? ४, ५, ६ पटले तर ५?

शून्यलब्धी

बरोबर. पण १ आणि ८ एवढेच पटलेला माणूसही ४.५ वर येतो, अगदी मधोमध, जिथे तो मुळीच नाही. सरासरी काढण्याआधी प्रत्येकाच्या होकारांमधली पोकळी मोजा. पोकळी मोठी असलेल्यांचे फॉर्म हाताने चाळा, त्यात पथकवाले किती निघतात ते मलाही बघायचंय.

मुळा_मुठा

हरकत मिटलेली नाही, नवीन डेटावर पुन्हा काही वगळलंत तर ती परत उभी राहील. 'मर्यादे'साठी: 'घरात बसून बोलताना आवाज वाढवावा लागत नसेल तर' असं काहीतरी लिहा. डेसिबल कुणाला कळतात?